कोकणकिनारी जाणाऱ्या बारामती-इंदापूरकरांस

दिवाळीची सुट्टी लागली, शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या, अथवा एखाद्या कारखान्यात बोनसची रक्कम हाती पडली, की कटफळ, रुई, जळोची या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीभोवतालच्या गावांतून आणि तिकडे भिगवण, लोणी देवकर, वालचंदनगरपासून थेट इंदापुरापर्यंतच्या टापूतून कोकणाकडे जाणाऱ्या मोटारींची आणि लहान बसगाड्यांची रीघ लागते. अवर्षणाच्या पट्ट्यात ज्यांचे आयुष्य गेले, ज्यांनी पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली आणि कालव्याचे आवर्तन कधी सुटते याकडे डोळे लावले, त्यांना क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी पाहून भरते यावे यात नवल कसले! हा आनंद त्यांच्या हक्काचा आहे. परंतु हा आनंद घेऊन गेलेली माणसे सुखरूप घरी परतावीत, यासाठी काही गोष्टी निघण्यापूर्वीच मनात पक्क्या करून घेणे अगत्याचे असते, आणि त्या सांगाव्यात एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. देशावरच्या माणसाला पाणी ठाऊक नसते, म्हणून तो समुद्रात बुडतो, असे सरसकट मानले जाते; वस्तुस्थिती याहून निराळी आणि अधिक चिंताजनक आहे. आमच्याकडील कितीतरी तरुण पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले असतात, नीरा डाव्या कालव्याच्या वाहत्या पाण्यात त्यांनी सूर मारलेले असतात, आणि उजनीच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्यांचा तर पाण्याशी रोजचाच व्यवहार असतो. हीच ओळख त्यांना समुद्रात दगा देते. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. कालव्याचे पाणी एकाच दिशेने वाहते आणि त्याचा काठ हातभर अंतरावर असतो. समुद्राचे पाणी मात्र दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, किनाऱ्याकडे येताना वरून ढकलते आणि माघारी जाताना खालून ओढते, आणि त्याच्या तळाची वाळू काल जेथे गुडघाभर पाणी होते तेथे आज पुरुषभर खोली करून ठेवते. रोजच्या परिचयाचे पाणीदेखील वाऱ्यापावसाच्या एका सपाट्यात कसे परके होते, हे इंदापूरकरांना नव्याने सांगण्याची गरज नाही. २१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्याने उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जीव गेले. ज्या पाण्यावरून लोक पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करतात तेथे हे घडले, मग ज्या पाण्याचा स्वभावच आपल्याला ठाऊक नाही तेथे किती जपावे लागेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आणखी एक समज असा, की समुद्र धोक्याचा असतो तो पावसाळ्यात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी रायगड जिल्ह्यातील मुरुडच्या किनाऱ्यावर बुडाले, तेव्हा थंडीचे दिवस होते आणि पावसाचा मागमूस नव्हता. एवढेच नव्हे, त्या दिवशी तिथी कृष्ण अष्टमी होती, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचे उधाणही नव्हते. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ रोजी, मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठ जण असेच गेले. तो ऐन उन्हाळा होता. दोन्ही प्रसंगी समूह मोठा होता, वय तरुण होते, आणि एकमेकांना वाचवण्याच्या धडपडीचा प्रश्न उभा राहिला होता. आमच्या कारखान्यांतून आणि महाविद्यालयांतून निघणाऱ्या सहली याहून निराळ्या नसतात, म्हणून या दोन घटना प्रत्येक सहलप्रमुखाच्या स्मरणात असल्या पाहिजेत.

आता भरती-ओहोटीचे गणित पाहू. ते शिकण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि या सबंध लेखातून वाचकाने एकच गोष्ट बरोबर न्यायची ठरवली तर ती हीच न्यावी, असे माझे मत आहे. चंद्राच्या आकर्षणाने समुद्राला सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने भरती येते आणि दोन भरत्यांच्या मध्ये, साधारणतः सव्वासहा तासांनी, पूर्ण ओहोटी असते. दर दिवशी ही वेळ जवळजवळ पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणच्या किनाऱ्यावर यासाठी एक जुना ठोकताळा चालत आला आहे: त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीचा तास मिळतो. संकष्टी चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन; म्हणून पहाटे तीनच्या सुमारास आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, तर सकाळी आणि रात्री नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. हा हिशेब स्थूल आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक ठिकाणपरत्वे पडतोच, आणि ज्याला बिनचूक वेळ हवी त्याने त्या बंदराचे भरतीचे कोष्टक पाहावे; परंतु घरोघरी भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत तिथी असतेच, सबब कोकणात सहल कोणत्या दिवशी न्यावी आणि किनाऱ्यावर कोणत्या प्रहरी उतरावे, हे बारामतीत बसूनही ठरवता येते.

तिथीवरून दुसरीही गोष्ट कळते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे दोन-तीन दिवस जी मोठी भरती येते तिला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते त्या दिवसांना भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत पाणी पुष्कळ वर चढते, तसेच पुष्कळ खाली उतरते, आणि तेवढ्याच सव्वासहा तासांत अधिक पाणी सरकायचे असल्यामुळे त्याचा वेगही अधिक असतो. अलिबागचा कुलाबा किल्ला पाहायला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. ओहोटीत किल्ल्यापर्यंत पायी जाता येते, आणि किल्ल्यातले सिद्धिविनायकाचे दर्शन, तटबंदी, छायाचित्रे यांत वेळ केव्हा गेला हे कळत नाही. इतक्यात पाणी भरू लागते आणि परतीची वाट कमरेएवढ्या, मग छातीएवढ्या पाण्याखाली जाते. पूर्ण ओहोटी होण्याच्या थोडे आधी निघावे आणि पाणी फिरले की माघारी वळावे. उशीर झालाच तर पाण्यातून चालण्याचे साहस न करता किल्ल्यातच थांबावे, अथवा चालू असलेल्या होडीने परतावे. भांगाच्या दिवसांत तर पाणी पुरते उतरतही नाही, तेव्हा ‘गेल्या वेळी घोट्याएवढेच होते’ हा अनुभव या वेळी कामाचा नसतो.

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेची वाट हे असेच ठिकाण आहे. डोंगराच्या पोटातून पायऱ्या उतरून खडकांवर येताच समुद्र इतका समीप आणि इतका भव्य दिसतो, की भाविकांचे पाय तेथेच खिळतात. ती वाट ओहोटीतच करावयाची असते. लाटा पाच-दहा वेळा खडकाच्या खालीच फुटतात, पाहणाऱ्याला भरवसा वाटू लागतो, आणि मग मागाहून आलेली एक थोर लाट तो खडक सबंध धुऊन नेते. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. जो खडक ओला आहे तेथपर्यंत पाणी येऊन गेलेले आहे आणि पुन्हा येणार आहे, एवढे अनुमान करून कोरड्या खडकाच्याही मागे उभे राहावे, आणि समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढण्याचा मोह पूर्णतः टाळावा.

वाळूच्या किनाऱ्यावर धोका निराळ्या रूपाने येतो. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी माघारी जाण्यासाठी एखादी चिंचोळी वाट शोधते आणि त्या वाटेने वेगाने समुद्रात परतते. किनारपट्टीचे लोक ‘येथे पाण्याला ओढ आहे’ असे म्हणतात ते याच प्रवाहाला. दुर्दैव असे, की या ओढीच्या जागी लाटा फुटत नाहीत, पाणी थोडे गडद आणि शांत दिसते, आणि लाटांना भिणारा नवखा माणूस नेमकी तीच जागा निवडून मुलांना घेऊन तेथे उतरतो. दोन्ही बाजूंना फेस आहे आणि मध्येच एक निवांत पट्टा आहे, फेस वा कचरा आत समुद्राकडे वाहत चालला आहे, असे दिसले तर तेथे पाऊल घालू नये. खाडीच्या मुखाशीही हीच गत असते. अंजर्ले, दाभोळ, देवबागजवळचा कर्ली नदीचा संगम, राजपुरीची खाडी, अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी खाडीत भरलेले सर्व पाणी एका अरुंद दारातून बाहेर पडते, आणि पट्टीचा पोहणाराही त्यापुढे टिकत नाही. गणपतिपुळ्यासारख्या किनाऱ्याचा उतार तीव्र आहे. चार पावले पुढे टाकली की पायाखालची जमीन संपते. देवदर्शनाला गेलेल्या कुटुंबांनी तेथे पाय भिजवण्यावर समाधान मानावे.

ओढीत सापडलेच तर काय करावे? येथे विहिरीत शिकलेली रीत सोडावी लागते. विहिरीत काठ समोर दिसला की त्याच्याकडे जोर करून हात मारायचे असतात. ओढीत किनाऱ्याकडे तोंड करून जोर केला तर माणूस जागच्या जागी थकतो आणि थकून बुडतो. हा प्रवाह आत समुद्राकडे नेतो, तळाशी खेचत नाही, आणि त्याची रुंदी बहुधा फार नसते. म्हणून श्वास सावरून उताणे तरंगावे, एक हात वर करून मदत मागावी, आणि अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, डावीकडे वा उजवीकडे, पोहत जावे. लाटा फुटताना दिसू लागल्या म्हणजे प्रवाहाबाहेर आलो असे समजून त्या लाटांबरोबर तिरपे किनाऱ्याकडे यावे. आणि दुसरा कोणी बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी घालू नये. हे लिहिताना मन कचरते, कारण समोर भाऊ असतो, मित्र असतो, पोटचे मूल असते. तथापि एकामागोमाग एक उडी घालून एकाच घरची तीन-चार माणसे गेल्याच्या बातम्या दरसाल येतात. दोरी, रिकामा झाकणबंद पाण्याचा कॅन, गाडीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, बांबू, एकमेकांस बांधलेल्या ओढण्या, जे हाती लागेल ते फेकावे, आणि त्याच वेळी दुसऱ्याने जीवरक्षकाला वा कोळी बांधवांना हाक मारावी. सहलीच्या गाडीत वीस-पंचवीस मीटर लांबीची बळकट दोरी आणि दोन रिकामे कॅन ठेवण्यास काहीही खर्च येत नाही.

पाण्यात उतरण्यापूर्वी एका स्थानिक माणसाला विचारावे, हा माझा आग्रह आहे. जाळे विणत बसलेला कोळी, शहाळी विकणारी बाई, राहत्या घराचा यजमान, यांपैकी कोणालाही ‘येथे पाणी कसे आहे, कुठवर जावे?’ असे विचारले असता तो आनंदाने सांगतो. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटू नये: भट्टीजवळ, उंचावर वा विजेच्या जोडणीवर काम करायचे तर परमिट घेतल्याखेरीज कोणी हात लावत नाही, आणि ते परमिट देणारा त्या यंत्राचा जाणकार असतो. किनाऱ्यावरचा कोळी हा तेथील पाण्याचा जाणकार आहे. त्याने नको म्हटले तर तो हुकूम समजावा. जेथे जीवरक्षक नेमलेले आहेत आणि झेंडे लावलेले आहेत, जसे गोव्याच्या किनाऱ्यांवर, तेथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या दरम्यानच उतरावे, आणि नुसता लाल झेंडा असेल तर मुळीच उतरू नये.

पाणी कमरेच्या वर जाऊ देऊ नये. अंधार पडल्यावर उतरू नये. मद्यपान करून उतरू नये. यावर विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही, कारण जो पिऊन समुद्रात जातो त्याला कोणतीच सूचना उपयोगी पडत नाही, आणि त्याला अडवण्याची जबाबदारी त्याच्या शुद्धीवर असलेल्या सोबत्यांची असते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र थोडे सांगतो. वीस माणसांच्या कुटुंबात मुलांवर सगळ्यांचेच लक्ष आहे असे सगळेच गृहीत धरतात आणि प्रत्यक्षात कोणाचेच नसते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासासाठी नावानिशी एका प्रौढाची नेमणूक करावी, आणि त्या वेळात त्याने मोबाईल खिशाबाहेर काढू नये. मूल हात लांब केला की सापडेल एवढ्याच अंतरावर असावे. साडी वा पायघोळ कपडे भिजले की जड होतात आणि पायांत गुंततात, तेव्हा आयाबहिणींनी लाटांत बसताना सुटसुटीत कपडे घालावेत, यात संकोच करण्यासारखे काही नाही. मोटार वाळूत घालण्याची हौस तर सोडूनच द्यावी. चाके रुतलेली गाडी काढता काढता भरती येते आणि गाडी वाचवण्याच्या नादात माणसे पाण्यात शिरतात.

होडीत बसताना जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय बसू नये आणि ते नुसते गळ्यात न अडकवता त्याचे पट्टे आवळून घ्यावेत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे चाललेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा समुद्र शांत होता आणि भर दिवसाची वेळ होती. प्रवाशाच्या हातात अशा प्रसंगी एकच गोष्ट असते, ती म्हणजे अंगावरचे जाकीट. होडीत मर्यादेबाहेर माणसे भरली जात असतील तर उतरून दुसऱ्या होडीची वाट पाहावी. जंजिऱ्याच्या दरवाजाशी होडी लाटांवर खालीवर होत असते. नावाड्याने हात दिल्यावर, तो सांगेल त्या क्षणी, एकेकानेच उतरावे, वृद्धांना आणि गरोदर स्त्रियांना तेथे नेण्याचा हट्ट धरू नये.

पावसाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला राज्याची बंदी असते. ती माशांच्या विणीसाठी असते, आणि त्याबरोबरच खवळलेल्या समुद्रापासून मच्छीमारांचा बचाव व्हावा हाही तिचा हेतू असतो. ज्यांचा जन्म लाटांवर गेला ते जेव्हा होड्या ओढून शाकारून ठेवतात, तेव्हा आपण पोहायला उतरणे हे अविचाराचे आहे. जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई हुकूम, हवामान खात्याचे नारिंगी व तांबडे इशारे, हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मिळणारी उंच लाटांची पूर्वसूचना आणि बंदरावर चढवलेला तीन नंबरचा बावटा, या सर्वांचा अर्थ एकच समजावा आणि पाऊस खिडकीतून पाहावा.

किनाऱ्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरही जीव जातात. आमच्या भागातून नीरा-लोणंद-शिरवळ-भोरवरून वरंधा घाटाने महाडला, पुण्यावरून ताम्हिणी घाटाने माणगावला, किंवा फलटण-सातारा-कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरता येते. वरंधा पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवण्यात येतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळी घाटात कोसळून ३० माणसे मृत्यू पावली. ती कोकणातलीच माणसे होती आणि घाट त्यांच्या परिचयाचा होता. एमआयडीसीतील कामगारांत रात्रपाळी उतरून अंघोळ-नाश्ता केला की थेट गाडीत बसण्याची जी रीत पडली आहे, ती मला फार घातक वाटते. रात्रभर जागलेल्या माणसाने चक्र हाती घेऊ नये. त्याने मागे झोपावे, किंवा सर्वांनीच अर्धा दिवस उशिरा निघावे. परतीच्या प्रवासात दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी गाठण्यासाठी रात्रभर गाडी हाकणे हे त्याहून वाईट. उत्तररात्री दोन ते पाच ही वेळ झोपेच्या झापडीची असते आणि घाटातली वळणे तेव्हाही तितकीच तीव्र असतात. रजेचा एक दिवस अधिक मंजूर करण्याचे औदार्य कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी दाखवले तर त्याचे मोल मोठे आहे.

कोकणातल्या उष्म्याबद्दल आमचा माणूस हमखास फसतो. बेचाळीस अंशांचे ऊन ज्याने अंगावर घेतले, त्याला तेहतीस-चौतीस अंशांचे काय भय, असे वाटते. बारामतीची हवा कोरडी असते, घाम येतो तो लागलीच वाळतो आणि वाळताना शरीर थंड करतो. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि पाणी व क्षार मात्र वाहून जातात. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात वाळूवर राहू नये, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, शहाळी, ताक आणि कोकम सरबत यांचा सढळ उपयोग करावा. जुलाब-उलट्या झाल्यास औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी उत्तम. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट द्यावे. अंग तापले आहे, बोलणे असंबद्ध होत आहे, चालताना तोल जातो आहे, अशी लक्षणे दिसली तर तो उष्माघात समजून सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांनी गोळ्या पुरेशा घ्याव्यात, इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. आणि मधुमेही माणसाने तापल्या वाळूत अनवाणी चालू नये, कारण पायाला झालेली भाजणी वा कालवांच्या शिंपल्यांनी पडलेली चीर त्याला जाणवत नाही आणि ती चिघळते. जखम कोणालाही झाली तरी ती स्वच्छ पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

जेवणात नव्या गोष्टींची हौस एकदम भागवू नये. ज्याने कधी कोळंबी, खेकडे वा तिसऱ्या खाल्ल्या नाहीत त्याने पहिल्या वेळी थोडेच खावे, कारण अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे असे प्रकार कोणाला होतील हे आधी सांगता येत नाही. ताज्या माशाचे कल्ले लालबुंद, डोळे पाणीदार आणि अंग बोटाने दाबले असता पुन्हा वर येणारे असते. बांगडा, सुरमई यांसारखे मासे बर्फाविना राहिले तर त्यांत एक विकारी द्रव्य तयार होते, जे शिजवूनही जात नाही आणि ज्यामुळे तोंड लाल होणे, डोके ठणकणे, जुलाब होणे असा त्रास होतो. म्हणून उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेली मासळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. गोळ्यावाल्याचा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे त्यालाही ठाऊक नसते.

दंशाविषयी कोकणातील ज्ञान आपल्या उपयोगाचे आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे ब्लू बॉटल आणि जेलीफिश येऊन पडतात. मेलेले वाटले तरी त्यांना हात लावू नये. डंख झाला तर ती जागा चोळू नये, गोड्या पाण्याने न धुता समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले तंतू चिमट्याने वा जाड कापडाने काढावेत आणि मग सोसवेल तितके गरम पाणी घ्यावे. पाकट या चपट्या माशावर पाय पडला तर तो शेपटीचा काटा मारतो. २०१३ च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना असा दंश झाला होता. वाळूतून पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालले तर पाकट आधीच सरकून जातो, आणि दंश झालाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवल्याने वेदना उतरते. काटा खोल असेल तर तो स्वतः न उपटता डॉक्टरांकडे जावे. जमिनीवर फुरसे आणि लाल विंचू यांची भीती अधिक. जांभ्या दगडाच्या घरांत, लाकूडफाट्यात, पावळीखाली ते असतात. बूट झटकल्याशिवाय घालू नयेत, रात्री विजेरीशिवाय अंगणात उतरू नये. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात लहान मुले दगावत असत, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि तो उपचार सर्वत्र रूढ झाला. दंशानंतर घाम फुटणे, हातपाय गार पडणे, धाप लागणे यांपैकी काही दिसले तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता मुलाला सरकारी दवाखान्यात न्यावे. सर्पदंशात चिरा देणे, रक्त चोखणे, घट्ट दोरी आवळणे या सर्व गोष्टी घातक आहेत. अवयव हलू न देता रुग्णालय गाठणे एवढाच उपचार बाहेर करायचा असतो.

अखेर, बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करावे हे निदान प्रत्येक गाडीतील दोघांना आलेच पाहिजे. आमच्या खेड्यांत त्याला मडक्यावर वा चाकावर पालथा घालून फिरवण्याची चाल आहे, आणि अलीकडे मिठाच्या ढिगात ठेवले म्हणजे बुडालेला जिवंत होतो अशी अफवा मोबाईलवरून फिरते. दोन्ही गोष्टींत, ज्या चार-पाच मिनिटांत प्राण वाचू शकतो तीच मिनिटे वाया जातात. पोट दाबू नये. उताणे निजवावे, श्वास चालू आहे का पाहावे. चालू असेल तर कुशीवर वळवून ओले कपडे काढावेत आणि उबदार पांघरूण घालावे. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून प्रथम दोन श्वास द्यावेत, मग छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने, दोन इंच खोल, तीस दाब द्यावेत, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब, आणि मदत येईपर्यंत हे थांबवू नये. शुद्धीवर आलेल्या माणसालाही रुग्णालयात नेणे आवश्यक आहे, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटासाठी ११२ आणि समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक सर्वांनी मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावेत.

१९४८ च्या कारखाने कायद्यापासून असा दंडक चालत आला आहे, की दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी असावी आणि ती शिकलेल्या माणसाच्या ताब्यात असावी. याचा अर्थ बारामती आणि इंदापूरच्या औद्योगिक वसाहतींतील प्रत्येक मोठ्या कारखान्यात वर सांगितलेला छातीदाबाचा उपचार जाणणारा, निदान जाणायला हवा असा, माणूस आजही हजर आहे. माझी कारखान्यांच्या व्यवस्थापकांना, कामगार संघटनांना आणि सहली काढणाऱ्या मित्रमंडळांना कळकळीची विनंती आहे, की कोकणात जाणाऱ्या प्रत्येक बसमध्ये असा एक माणूस आणि त्याची पेटी न्यावी, निघण्याच्या आदल्या दिवशी त्याच्याकडून सर्वांना अर्धा तास शिकवणी द्यावी, आणि त्याच वेळी दिनदर्शिका उघडून दुसऱ्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ बसच्या काचेवर लिहून ठेवावी.